पेशी जन्मलीच नाही, की जन्मून मेली?

कोंबडीच्या अंड्याला ऊब मिळाली की २१ दिवसांत पिल्लू बाहेर येते. तिसऱ्या दिवशी आत डोकावून पाहिले, तर पंख आणि पायांच्या जागी नुसते बारीक कोंब दिसतात. त्याच सुमारास पिल्लाच्या पाठीच्या बाजूला मज्जारज्जू आकार घेत असतो आणि तिथल्या चेतापेशी आपापले तंतू या कोंबांच्या दिशेने पाठवू लागतात. आता समजा, यातला एक कोंब त्या दिवशीच कापून टाकला. पंख येणारच नाही. मग तो पंख हलवायला आणि त्याचा स्पर्श मेंदूला कळवायला ज्या चेतापेशी लागणार होत्या, त्यांचे काय होईल?

प्रश्न ऐकायला विक्षिप्त वाटतो. पण डोळ्यावरची काही केल्या न भरणारी जखम, मधुमेहात बधिर होणारे पाय आणि जन्मापासून वेदनाच न जाणवणारी मुले, या सगळ्यांचा धागा या प्रश्नाशी जाऊन मिळतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्या डॉक्टरला तेव्हा तिच्याच देशाच्या सरकारने विद्यापीठात पाऊल टाकायला बंदी केली होती. तिने ते शोधले ते आपल्या झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून केलेल्या हत्यारांनी.

तिचे नाव रिटा लेव्ही-मोंताल्चिनी.

बंदी आणि बेडरूम

रिटा यांचा जन्म २२ एप्रिल १९०९ रोजी इटलीतील तुरीन शहरात एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील इंजिनीअर, आई चित्रकार. जुळी बहीण पावला हीसुद्धा पुढे चित्रकार झाली. मुलींनी व्यवसायात पडले तर संसार आणि मुले यांच्याकडे दुर्लक्ष होते, असे वडिलांचे मत. घरातील मुलांना सांभाळणारी जिवाभावाची बाई पोटाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा रिटा यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले आणि वडिलांची परवानगी मिळवली. शाळेत न शिकलेले लॅटिन, ग्रीक आणि गणित त्यांनी आठ महिन्यांत भरून काढले आणि १९३०मध्ये तुरीनच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

तिथे त्यांना जुझेप्पे लेव्ही हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक भेटले. तापट, शिस्तीचे कडक, पण पेशींवर जीव असलेला माणूस. त्यांच्या हाताखाली रिटा यांच्याबरोबर साल्वादोर लुरिया आणि रेनातो दुल्बेको हे दोघेही शिकत होते. पुढे या तिघांनाही नोबेल मिळाले, तिघांनाही वेगवेगळ्या संशोधनासाठी. चांदीच्या क्षारांनी ऊती रंगवण्याची पद्धत रिटा लेव्हींकडून शिकल्या. या रंगात चेतापेशी आणि त्यांचे तंतू गडद उठून दिसतात. ही एकच कला त्यांना आयुष्यभर पुरली.

१९३६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दोनच वर्षांनी मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे आणले. ज्यूंना विद्यापीठात शिकवता येईना, संशोधन करता येईना. काही महिने बेल्जियममध्ये काम करून १९४०मध्ये, जर्मन फौजा तिथे शिरण्याच्या थोडे आधी, रिटा तुरीनला परतल्या.

करायचे काय? त्यांनी आपल्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. सुया घासून सूक्ष्म चाकू केले. घड्याळजी वापरतात तसला चिमटा आणि डोळ्यांचे डॉक्टर वापरतात तसली बारीक कात्री आणली. अंडी उबवायला छोटी पेटी आणि पाहायला एक सूक्ष्मदर्शक. काही दिवसांनी जुझेप्पे लेव्हीही या खोलीत येऊन काम करू लागले. त्यांचीही नोकरी याच कायद्याने गेली होती. गुरू आता शिष्येचा मदतनीस झाला.

शहरावर बॉम्ब पडू लागले की रिटा सूक्ष्मदर्शक आणि सर्वांत मोलाच्या काचपट्ट्या उचलून तळघरात जात. पुढे कुटुंबाला खेड्यात आसरा घ्यावा लागला. तिथेही खोलीच्या कोपऱ्यात प्रयोगशाळा मांडली गेली. अंड्यांची टंचाई होती. रिटा सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार जात आणि मुलांसाठी हवीत म्हणून फलित अंडी मागत. प्रयोग झाल्यावर अंड्यात जे उरे त्याचे ऑम्लेट होई. ही अंडी कुठून येतात हे भावाला कळले, तेव्हापासून त्याने ऑम्लेटला हात लावला नाही.

शेवटचा आकडा सारखाच

हा प्रयोग मुळात रिटा यांचा नव्हता. व्हिक्टर हॅम्बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३४मध्ये त्याबद्दल लिहिले होते. नाझी कायद्यांमुळे त्यांचीही जर्मनीतील नोकरी गेली होती आणि ते अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करत होते. रिटा यांनी त्यांचा लेख वाचला तो १९४०च्या उन्हाळ्यात, गुरांच्या डब्यातून प्रवास करताना, दारात पाय सोडून बसून.

हॅम्बर्गर यांनी पंखाचा कोंब कापला होता आणि काही दिवसांनी पाहिले, तर त्या बाजूच्या चेतापेशी फार कमी झालेल्या होत्या. त्यांचा अर्थ असा, की वाढणाऱ्या पंखाकडून मज्जारज्जूला काहीतरी संदेश जात असावा आणि त्यामुळे साध्या पेशींच्या चेतापेशी बनत असाव्यात. पंख नाही, म्हणून संदेश नाही, म्हणून चेतापेशी बनल्याच नाहीत.

रिटा यांनी तोच प्रयोग केला. शेवटचा आकडा त्यांनाही तसाच मिळाला. पण त्यांनी फक्त शेवट पाहिला नाही. पंख कापल्यानंतर वेगवेगळ्या दिवसांचे भ्रूण घेऊन त्यांचे पातळ काप केले, चांदीने रंगवले आणि एकामागून एक तपासले. मधल्या दिवसांत त्यांना वेगळीच हकीकत दिसली. चेतापेशी बनत होत्या. त्यांचे तंतूही फुटत होते आणि नसलेल्या पंखाच्या दिशेने निघतही होते. मग काही दिवसांनी त्या मरत होत्या.

म्हणजे पेशी जन्मलीच नाही, असे नव्हते. ती जन्मली होती आणि मग मेली होती.

शेवटी उरलेल्या पेशी मोजणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. पण पुढचा सगळा शोध या फरकावर उभा आहे. पेशी जन्मलीच नसेल, तर तिला घडवणारा संदेश शोधायचा. ती जन्मून मेली असेल, तर तिला जगवणारे काय असते आणि ते पंखाबरोबर गेले का, हे शोधायचे. रिटा यांनी दुसरा रस्ता धरला. ज्यू नावांचा लेख इटलीतील नियतकालिके छापणार नव्हती. तो १९४२मध्ये बेल्जियममधील नियतकालिकात आला.

१९४३मध्ये जर्मन फौजा इटलीत उतरल्या. कुटुंब फ्लॉरेन्सला पळाले आणि खोट्या नावांनी लपून राहिले. शहर मुक्त झाल्यावर रिटा निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. साथीच्या रोगांनी माणसे रोज मरत होती आणि त्यांच्या हाती औषधे फारशी नव्हती. या अनुभवानंतर त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय पुन्हा केला नाही.

इकडे हॅम्बर्गर यांनी तो बेल्जियममधला लेख वाचला होता. आपला निष्कर्ष खोडणाऱ्या बाईंना त्यांनी सेंट लुईसला बोलावले. रिटा १९४७मध्ये एका सत्रासाठी म्हणून गेल्या आणि ३० वर्षे राहिल्या.

मरण हा वाढीचाच भाग

दोघांनी मिळून १९४९मध्ये जे प्रसिद्ध केले, ते त्या काळी पचायला जड होते. काहीही न कापलेल्या, धडधाकट भ्रूणातही चेतापेशी मोठ्या संख्येने मरतात, असे त्यांना दिसले. मानेच्या आणि छातीच्या भागात, जिथे पंख किंवा पाय फुटत नाहीत, तिथे त्या जास्त मरतात. पंख आणि पाय असलेल्या भागात जास्त जगतात.

आज हे पाठ्यपुस्तकात आहे. निसर्ग गरजेपेक्षा जास्त चेतापेशी तयार करतो. ज्या स्नायूला किंवा त्वचेला त्यांचे तंतू पोहोचतात, तिथून जगवणारे द्रव्य अगदी मोजके मिळते. ज्यांना मिळाले त्या राहतात, बाकीच्या जातात. काही भागांत जवळजवळ निम्म्या पेशी अशा जातात. त्यामुळे तारा आणि दिवे यांची संख्या आपोआप जुळते. आईच्या पोटात असताना तुमच्या-आमच्या मज्जारज्जूतही हेच घडले होते.

पण ते द्रव्य कोणते? याचा धागा आला तो कर्करोगाच्या गाठीतून. हॅम्बर्गर यांचे जुने विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी १९४८मध्ये उंदराच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला होता आणि त्यात चेतातंतू शिरलेले पाहिले होते. गाठ वेगाने वाढते, तिला जागा जास्त, म्हणून तंतू जास्त, असा त्यांचा अंदाज होता. रिटा यांनी प्रयोग पुन्हा केला. तंतूंचे नुसते रान माजले होते. गाठीपासून दूर असलेल्या अवयवांतही ते घुसले होते, अगदी रक्तवाहिन्यांच्या आतसुद्धा. मग त्यांनी गाठ भ्रूणात न ठेवता अंड्याच्या आतल्या आवरणावर ठेवली. भ्रूणाशी तिचा संबंध आता फक्त रक्तातून होता. तरीही तोच परिणाम! म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होते.

पण ते गाळून वेगळे काढायचे, तर दर खेपेला भ्रूणात गाठ बसवून आठवडाभर वाट पाहणे परवडणारे नव्हते. झटपट चाचणी हवी होती. ऊती काचेच्या बशीत वाढवण्याची सोय रिओ द जानिरोच्या जीवभौतिकी संस्थेत होती. तिथे हेर्टा मेयर या रिटा यांच्या ओळखीच्या संशोधक होत्या. १९५२मध्ये गाठी असलेले दोन उंदीर सामानात लपवून रिटा विमानाने ब्राझीलला गेल्या. सुरुवातीचे प्रयोग फसले. मग एके दिवशी चेतापेशींच्या पुंजक्याशेजारी गाठीचा तुकडा ठेवून २४ तासांनी पाहिले, तर पुंजक्याभोवती सूर्याच्या किरणांसारखे तंतूंचे दाट वलय उभे होते. आता कोणत्याही अर्काचा थेंब बशीत टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी वलय आहे की नाही, एवढेच पाहायचे.

सापाचे विष, उंदराची लाळ

सेंट लुईसला परतल्यावर जोडीला आले जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन. रिटा यांना रसायनशास्त्राची फार माहिती नव्हती, कोहेन यांना चेतासंस्थेची नव्हती. सहा वर्षे या दोघांचे उत्तम जमले.

कोहेन यांनी गाठीतून जो अंश वेगळा काढला, त्यात प्रथिन आणि न्यूक्लिइक आम्ल दोन्ही होते. यातले खरे कामाचे कोणते? त्याच विद्यापीठातील आर्थर कॉर्नबर्ग यांनी सुचवले, की सापाच्या विषात न्यूक्लिइक आम्ल तोडणारे विकर असते, ते वापरून पाहा. आम्ल तुटल्यावर वलय नाहीसे झाले, तर आम्ल खरे. विष घातले आणि वलय नाहीसे होण्याऐवजी आणखी दाट झाले. मग नुसतेच विष घालून पाहिले. तरीही वलय! सापाच्या विषात तेच द्रव्य होते आणि गाठीपेक्षा कितीतरी अधिक ताकदीचे.

कोहेन यांच्या मनात आले, विषाची ग्रंथी म्हणजे सापाची लाळग्रंथीच. मग उंदराची लाळग्रंथी का नको? पूर्ण वाढ झालेल्या नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत ते भरपूर सापडले. आता शुद्ध प्रथिन मिळवता आले. त्याला नाव मिळाले नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ.

शेवटचा पुरावा बाकी होता. एखादे द्रव्य बशीत तंतू वाढवते म्हणून शरीराला त्याची गरज असतेच असे नाही. म्हणून त्यांनी एनजीएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार केली आणि नवजात उंदरांना टोचली. उंदीर वरून ठणठणीत दिसत होते. पण हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार पाहणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या पेशी त्यांच्या शरीरातून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. इथे पंख कापला नव्हता, पाय कापला नव्हता. फक्त एक प्रथिन काढून घेतले आणि पेशी मेल्या. झोपायच्या खोलीतल्या प्रश्नाला साधारण २० वर्षांनी पूर्ण उत्तर मिळाले.

उंदरांच्या लाळेच्या अर्कात कोहेन यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. तो टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत. त्यातून त्यांनी त्वचेच्या पेशी वाढवणारे दुसरे प्रथिन शोधले. १९८६चे वैद्यकशास्त्राचे नोबेल रिटा आणि कोहेन यांना विभागून मिळाले, तेव्हा रिटा ७७ वर्षांच्या होत्या. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते. ते असायला हवे होते, असे म्हणणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते, आजही आहेत. आपले म्हणणे खोडणाऱ्या संशोधकाला स्वतःच्या प्रयोगशाळेत जागा देणारा माणूस होता तो.

रुग्णाला काय मिळाले?

चेतापेशी जगवणारे प्रथिन हाती आले म्हटल्यावर डॉक्टरांच्या आशा वाढल्या. त्यातल्या सगळ्या खऱ्या ठरल्या नाहीत.

अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूत १९९०च्या दशकात एनजीएफ थेट सोडून पाहिले, कारण रक्तातून ते मेंदूत पोहोचत नाही. रुग्णांची पाठ दुखू लागली, वजन घटले आणि प्रयोग थांबवावा लागला. मधुमेहामुळे पायाच्या नसा खराब झालेल्या हजारहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०००मध्ये तिचे निष्कर्ष आले. ठरलेल्या मुख्य कसोटीवर एनजीएफ आणि नुसते पाण्यासारखे इंजेक्शन यांत म्हणावा असा फरक नव्हता.

पण या अपयशातून एक गोष्ट स्पष्ट झाली. एनजीएफ दिले की दुखते. भ्रूणात पेशी जगवणारे हे प्रथिन मोठ्या माणसात वेदनेची तार ताणून धरते. जखम झाली, सूज आली, की तिथे एनजीएफ वाढते आणि साधा स्पर्शही दुखरा होतो. याची दुसरी बाजू १९९६मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. काही मुलांना जन्मापासून वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. ती जीभ चावतात, हाड मोडले तरी चालत राहतात, घाम नसल्यामुळे त्यांना जीवघेणा ताप चढतो. पेशीवर एनजीएफला धरणारा जो ग्राहक असतो, त्याच्या जनुकात या मुलांमध्ये बिघाड असतो. एनजीएफ असते, पण पेशीला ते कळतच नाही. मग वेदना आणि घाम यांच्या पेशी गर्भातच मरून जातात, पंख कापलेल्या भ्रूणातल्यासारख्या.

मग उलटा विचार झाला. एनजीएफ अडवले, तर सांधेदुखी कमी होईल का? त्यासाठी प्रतिपिंडाचे इंजेक्शन तयार झाले. दुखणे कमी झालेही. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले. २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने त्याच्या विरोधात कौल दिला आणि कंपन्यांनी ते काम बंद केले.

यश आले ते डोळ्यात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, चेतातंतूंचे जाळे शरीरात सर्वांत दाट असते. नागीण, शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळे ते मेले, तर डोळ्याला खुपणे कळत नाही, जखम भरत नाही आणि शेवटी दृष्टी जाऊ शकते. १९९८मध्ये इटलीतील डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांच्या १४ डोळ्यांत उंदरापासून मिळवलेल्या एनजीएफचे थेंब घातले. दहा दिवस ते सहा आठवड्यांत सगळ्या जखमा भरल्या. पुढे माणसातले एनजीएफ बॅक्टेरियांकडून बनवून घेता येऊ लागले आणि त्याच्या थेंबांना २०१७मध्ये युरोपात, २०१८मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे थेंब घालायचे, असा उपचार असतो.

यातून आपल्यापुरते दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नसा वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या आणि टॉनिके पाहिली, की आठवावे, एनजीएफ हे प्रथिन आहे, ते तोंडावाटे घेतले तर डाळीसारखे पचून जाईल. आणि मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात ठेवणे आणि रोज रात्री तळपाय पाहणे यांची जागा अजून कोणत्याही इंजेक्शनने घेतलेली नाही. पाय दुखत नाही ही नेहमीच चांगली बातमी नसते.

रिटा यांनी लग्न केले नाही. १९७०च्या दशकाअखेरीस त्या कायमच्या इटलीत परतल्या, २००१मध्ये तहहयात सिनेटर झाल्या आणि नव्वदी ओलांडल्यावर रोममध्ये मेंदू संशोधनाची संस्था उभी केली. ज्या देशाने त्यांना विद्यापीठाबाहेर काढले होते, त्याच्याच संसदेत त्या शंभरीनंतरही जात होत्या. ३० डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डोळ्याच्या थेंबांना मंजुरी मिळाली तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि त्या पहिल्या अंड्यांना ७७ वर्षे.